समुद्रतळाखालचे सूक्ष्मजीव आणि विषाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये या विषयावर बोलायला गेले की भाषण संपल्यावर माणसं जवळ येऊन जे विचारतात, ते भाषणापेक्षा जास्त मोलाचं असतं. तेच प्रश्न विचारले गेले तसे इथे ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

समुद्रतळाखाली म्हणजे नक्की कुठे? पाण्यात की जमिनीत?

तळाच्या आत. अरबी समुद्राचं सगळं पाणी उपसलं तर खाली गाळ उघडा पडेल. नद्यांनी वाहून आणलेली माती, वाऱ्याबरोबर आलेली धूळ, वरच्या पाण्यात मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचं, असं सगळं लाखो वर्षं खाली बसत राहतं. कुठे हा थर काही मीटरचा असतो, कुठे काही किलोमीटरचा. त्याच्या खाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या जातीच्या दगडाची आहे, त्याच जातीचा. गिल्बर्ट हिलचा लाव्हा जमिनीवर थंड झाला, तो मात्र समुद्राखाली.

वस्ती दोन्हीकडे आहे, गाळातही आणि दगडाच्या भेगांतही. दक्षिण प्रशांत महासागराखालच्या बेसाल्टमध्ये मिलिमीटरपेक्षाही बारीक भेगा आहेत आणि त्यांत चिकणमाती भरलेली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी तिथे एका घन सेंटीमीटरला हजार कोटींहून जास्त पेशी मोजल्या. त्यातला एक दगड १० कोटी वर्षांपूर्वीचा होता.

तिथे काही जगतं हे कधी कळलं?

उशिरा, आणि तेही हप्त्याहप्त्याने. १९५५ साली मोरिटा आणि झोबेल या संशोधकांनी प्रशांत महासागरातला गाळ तपासून सांगितलं की साधारण साडेसात मीटरच्या खाली जिवाणू संपतात. त्यांची पद्धत त्या काळाला धरूनच होती. गाळ पोषक द्रावणात घालायचा आणि काही वाढतं का ते बघायचं. पण हजारो वर्षं उपाशी राहिलेल्या जीवापुढे एकदम पंचपक्वान्नं वाढली तर तो जेवेलच असं नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

१९९४ मध्ये जॉन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१८ मीटर खोलीपर्यंत जिवाणू दाखवले. २००८ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ हा आकडा १६२६ मीटरवर गेला. २०१२ मध्ये ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने शिमोकिता द्वीपकल्पाजवळ तळाखाली जवळजवळ अडीच किलोमीटर भोक पाडलं आणि तिथल्या कोळशाच्या थरांतही सूक्ष्मजीव सापडले. ते समुद्री जातींपेक्षा जंगलाच्या मातीतल्या जातींच्या जवळचे निघाले. दोन कोटी वर्षांपूर्वी ती जागा समुद्राकाठची दलदल होती. जंगल गाडलं गेलं, त्याचा कोळसा झाला, पण त्या मातीतल्या रहिवाशांचे वंशज खाली टिकून राहिले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

किती आहेत ते?

२०१२ च्या एका अंदाजानुसार जगभरच्या समुद्री गाळात २९ वर २८ शून्यं इतक्या पेशी आहेत. त्यांच्यातला कार्बन सुमारे ४१० कोटी टन. याआधीचा, १९९८ चा अंदाज याच्या दसपट मोठा होता. तो कमी झाला, कारण आधीचे नमुने बहुतेक किनाऱ्याजवळचे होते आणि तिथे गाळात अन्न भरपूर असतं. खोल महासागराच्या मध्यभागचा गाळ मोजला तेव्हा तिथली वस्ती फार विरळ निघाली.

आपल्या खाडीचा काळा, वास येणारा चिखल म्हणजे हेच का?

हो, ही त्या जगाची ओसरी समजा. हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

ओहोटीच्या वेळी वर्सोव्याला किंवा गोराईला खाडीकाठी जा. वरचा चिखल तपकिरी, जरा मऊ, चकाकणारा दिसतो. काठीने उकरा. काही मिलिमीटरच्या आतच रंग राखाडी होतो, मग काळा कुळकुळीत. होडी बांधायला रोवलेला खुंट कधी उपटताना पाहिलात तर त्याचं जमिनीतलं टोक डांबर फासल्यासारखं दिसेल आणि लगेच सडक्या अंड्यांचा वास येईल.

तो तपकिरी थर संपतो तिथेच प्राणवायू संपतो. त्याच्या खालच्या जिवाणूंना श्वासासाठी दुसरं काहीतरी लागतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक, म्हणून ते सल्फेटवर ‘श्वास’ घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा. हाच सल्फाइड गाळातल्या लोहाशी जुळला की काळा रंग येतो. आणखी खाली सल्फेटही संपलं की मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी. चिखलात पाय रुतल्यावर जे बुडबुडे वर येतात त्यांत बऱ्याचदा हाच वायू असतो.

प्राणवायू, नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट, मिथेन. गाळात साधारण याच क्रमाने एकेकाचं राज्य संपून दुसऱ्याचं सुरू होतं. खाडीत हा सगळा प्रवास हातभर खोलीत उरकतो. खोल समुद्रात त्याला दहा-वीस मीटर लागतात, कुठे शंभरावर. दक्षिण प्रशांताच्या मध्यभागी अन्न इतकं कमी आहे की प्राणवायू खालच्या बेसाल्टपर्यंत शिल्लकच राहतो, खायला कोणी पुरेसं नाही म्हणून.

मुंबईच्या खाड्यांच्या वासाबद्दल आपण नाक मुरडतो. त्यातला गटाराचा भाग आपला आहे आणि त्याची लाज वाटायलाच हवी. पण स्वच्छ खारफुटीचा चिखलही काळाच असतो आणि त्यालाही थोडा वास असतोच. तो त्या चिखलाचा श्वास आहे.

ते खातात काय?

वरून पडलेलं शिळं. समुद्राच्या पृष्ठभागावर जे मेलं त्यातला फार थोडा भाग तळाशी पोचतो. त्यातलं चांगलं वरचेच खाऊन टाकतात आणि उरलेलं चिवट खालच्यांच्या वाट्याला येतं. याशिवाय एक वेगळा स्रोत आहे. गाळात आणि दगडात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम नैसर्गिकरीत्या असतात. त्यांच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन सुटतो आणि काही सूक्ष्मजीवांना तो चालतो. सूर्याशी ज्याचा काही संबंध नाही असं हे अन्न आहे.

“ते हजारो वर्षं जगतात” असं तुम्ही म्हणालात. मेलेले नाहीत हे कशावरून?

ही शंका शास्त्रज्ञांनाही होती. रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका चमकला म्हणजे पेशी आहे एवढं कळतं, ती जिवंत आहे हे कळत नाही.

२०१२ मध्ये उत्तर प्रशांत महासागरातल्या ८.६ कोटी वर्षं जुन्या लाल मातीत प्राणवायू किती संथपणे खर्च होतोय ते मोजलं गेलं. खर्च होत होता, म्हणजे कोणीतरी श्वास घेत होतं. नंतर युकी मोरोनो आणि सहकाऱ्यांनी दक्षिण प्रशांतातला गाळ घेतला. त्यातला सर्वांत जुना १०.१५ कोटी वर्षांपूर्वीचा होता, म्हणजे डायनोसॉर जमिनीवर हिंडत होते तेव्हा साचलेला. त्यांनी त्याला खूण केलेला कार्बन आणि नायट्रोजन थोडा थोडा खायला दिला. पेशींनी तो घेतला. ६८ दिवसांत काही नमुन्यांत त्यांची संख्या दहा हजार पटींपर्यंत वाढली. हे २०२० साली प्रसिद्ध झालं.

त्या गाळाचे कण इतके बारीक आणि घट्ट आहेत की पेशीला इकडून तिकडे सरकायला जागाच नाही. जिथे गाडली गेली तिथेच ती, किंवा तिची संतती, थांबून राहिली. मिळणारी तुटपुंजी ऊर्जा वाढीवर न घालवता मोडलेलं दुरुस्त करण्यावर घालवायची, हा त्यांचा संसार. एका पेशीची दोन व्हायला शेकडो, कदाचित हजारो वर्षं लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दूध वर राहिलं तर दुपारपर्यंत नासतं, ते जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. जीव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ही घाई येते. पृथ्वीवरच्या कितीतरी जिवांना ती परवडतच नाही.

आणि विषाणू? ते तिथे करतात काय?

विषाणू म्हटलं की करोनाची दोन वर्षं आठवतात. मुंबईने ती फार जवळून पाहिली, त्यामुळे प्रश्नात भीती असते हे मी समजू शकते. पण समुद्रातले बहुतेक विषाणू माणसाचे नाहीत, माशांचेही नाहीत. ते सूक्ष्मजीवांचे आहेत. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज म्हणतात. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात अशी नोंद केली होती. १९१७ साली फेलिक्स डेरेल यांनी अशा विषाणूंना हे नाव दिलं. वरच्या समुद्रात एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू असतात, आणि ते रोज समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा हिस्सा, सुमारे पाचवा, संपवतात.

तळाच्या गाळात हेच आणखी ठळक होतं. २००८ साली रोबेर्तो दानोव्हारो आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या तळावरून २३२ नमुने तपासले. हजार मीटरपेक्षा खोल पाण्याखालच्या गाळात जेवढे सूक्ष्मजीव नव्याने तयार होतात, त्यातले जवळजवळ सगळे विषाणूंमुळे फुटतात असं त्यांना दिसलं. हे वरच्या थराबद्दल आहे, शेकडो मीटर खालच्या गाळाबद्दल नाही. पण त्यातली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

विषाणू पेशीला चिकटतो, आपला जनुकीय मजकूर आत सोडतो, पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो आणि शेवटी पेशी फुटते. फुटल्यावर आतलं सगळं, प्रथिनं, साखरा, फॉस्फरस, नायट्रोजन, आसपास सांडतं. शेजारचे ते खातात. किडा किंवा गोगलगाय जिवाणू खाते तेव्हा ते अन्न वरच्या साखळीत निघून जातं. विषाणूने मारलेला जिवाणू मात्र जिवाणूंच्याच घरात राहतो. त्या अभ्यासात यातून दरवर्षी ३७ ते ६३ कोटी टन कार्बन मोकळा होतो असा हिशेब आहे. जिथे वरून ताजं काही येत नाही तिथे शेजाऱ्याचं मरण हेच जेवण असतं, आणि ते वाढणारा विषाणू असतो. म्हणून मी त्यांना शत्रू म्हणत नाही.

पण खाली इतके कमी जिवाणू असतील तर विषाणू टिकतात कसे? यजमानच नाही तर पाहुणा कुठून?

हा प्रश्न एका नववीतल्या मुलाने विचारला होता आणि तो अगदी नेमका आहे. आकडे उलटे दिसतात. जितकं खाली जावं तितक्या पेशी कमी होतात, पण दर पेशीमागे विषाणूंची संख्या वाढते. दक्षिण प्रशांताच्या गाळात वर एका पेशीमागे दहाच्या आसपास विषाणू, तर खाली काही ठिकाणी २२५ पर्यंत मोजले गेले आहेत.

याची दोन कारणं दिली जातात. एक, विषाणू चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. तिथे त्यांना मोडून टाकणारी विकरं (एन्झाइम) कमी, म्हणून ते फार काळ टिकतात. दुसरं, ते अजूनही हळूहळू तयार होत आहेत. मोजणाऱ्या संशोधकांचा कल दुसऱ्याकडे होता.

तयार होण्याची एक सबुरीची रीतही आहे. सगळेच विषाणू पेशीला लगेच फोडत नाहीत. काही जण आपला मजकूर यजमानाच्या जनुकांत जोडून टाकतात आणि पागडीच्या भाडेकरूसारखे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. यजमान दुप्पट झाला की तेही दुप्पट. यजमानावर संकट आलं की बाहेर पडतात. जिथे नवा यजमान गाठायलाच युगं लागतील तिथे ही रीत शहाणपणाची. खोल गाळातून वाढवलेल्या कितीतरी जिवाणूंत असे मुक्कामी विषाणू सापडले आहेत. २०२३ मध्ये मारियाना गर्तेतल्या ८९०० मीटर खोलीवरच्या गाळातून वेगळा केलेला विषाणूही याच प्रकारचा निघाला. त्याचा यजमान हॅलोमोनास नावाचा जिवाणू.

खणताना असा एखादा विषाणू वर आला तर साथ येईल का?

नाही. विषाणूला कुलूप जुळावं लागतं. जो लाखो वर्षं गाळातल्या एका जिवाणूच्या कवचाची किल्ली बाळगून आहे, त्याला माणसाच्या पेशीचं दार उघडता येत नाही. आपल्याला होणारे विषाणूजन्य आजार येतात ते माणसांकडून, पक्षी-प्राण्यांकडून, डासांकडून.

कोस्टल रोडचा बोगदा, अटल सेतूचे खांब, यांनी हे जग ढवळलं गेलं का?

बोगदा दगडातून गेला आणि सेतूचे खांबही खाली दगडात रोवलेले आहेत. वरचा खाडीचा गाळ हजारो वर्षांचा आहे, कोट्यवधी वर्षांचा नाही. त्या बांधकामांबद्दल माझी खरी काळजी खारफुटीची आणि शिवडीच्या चिखलाची आहे, जिथे फ्लेमिंगो चोच उलटी घालून गाळातलं टिपतात. तो चिखल गेला तर ते जातील. विषाणूंची भीती मनातून काढून टाका.

अरबी समुद्राखाली कोणी पाहिलंय का?

हो. २०१५ साली मार्च-अखेरपासून मे-अखेरपर्यंत ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे जहाज कोलंबोहून निघून लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं पाडून मुंबई बंदरात आलं. ही आंतरराष्ट्रीय मोहीम मुख्यतः मान्सूनचा इतिहास शोधायला होती. धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट तिचे प्रमुख होते. किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, गाळात सुमारे ११०० मीटर खोल ते गेले. त्यातला बराचसा गाळ सिंधू नदीने हिमालयातून आणलेला. वाटेत एका प्रचंड दरडीचा थर लागला. एक कोटी वर्षांपूर्वी भारताचा पश्चिम उतार कोसळला होता, त्या ढिगाऱ्याला ‘नटराज’ नाव दिलं आहे. गाळ एका जागी शांतपणे साचत जातो असं आपण म्हणतो, पण कधी कधी अख्खी वस्ती एका फटक्यात शेकडो मीटर खाली गाडली जाते.

नमुना वर आणताना बाहेरचे जिवाणू शिरत असतीलच ना?

शिरतात. म्हणून ड्रिलिंगच्या द्रवात एक खूण-रसायन मिसळतात. वर आलेल्या गाळाच्या नळकांड्याची कड टाकून देतात, फक्त मधला गाभा घेतात आणि त्यात ते रसायन सापडलं तर तो नमुना बाद. विषाणूंचं काम आणखी अवघड, कारण रंगवल्यावर मातीचा कणही ठिपक्यासारखा चमकू शकतो.

उष्णतेचं काय? खाली जाल तसं तापत असेल.

तापतं. २०१६ साली जपानजवळच्या नानकाई गर्तेत मुद्दाम तापमानाची हद्द शोधायला ‘चिक्यू’ गेलं. ४५ अंशांच्या पुढे पेशी एकदम रोडावल्या आणि कडक कवचात झोपलेले बीजाणू वाढले. पण १०० ते १२० अंशांच्या गाळात, तळाखाली जवळजवळ १२०० मीटरवर, पुन्हा जिवंत हालचालीच्या खुणा मिळाल्या. प्रेशर कुकरच्या आतलं तापमान साधारण तेवढंच असतं.

बॉम्बे हायचं तेल याच जिवाणूंनी केलं का?

नाही. तेल होतं ते गाडलेल्या सेंद्रिय गाळावर उष्णतेचं काम होऊन. पण कमी तापमानाच्या साठ्यांत जिवाणू तेल खाऊन ते जड करतात. साधारण ८० अंशांच्या वर ते थांबतं.

‘जळणारा बर्फ’ म्हणतात तो?

मिथेन हायड्रेट. थंडी आणि दाब यांमुळे पाण्याच्या स्फटिकात अडकलेला मिथेन. २००६ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्याचा सुमारे १३० मीटर जाडीचा थर लागला आणि तिथला वायू मुख्यतः सूक्ष्मजीवांनीच केलेला आहे. दुसरीकडे, तळातून वर येणारा बहुतेक मिथेन पाण्यात पोचायच्या आधी आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) आणि सल्फेट-जिवाणू यांच्या जोड्या खाऊन टाकतात. हा पहारा नसता तर पृथ्वी आजच्यापेक्षा तापलेली असती.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

रक्ताचाच म्हणा. २०१५ साली ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या खोल गाळातून लोकीआर्किया नावाच्या जिवांची जनुकं मिळाली. प्राणी-वनस्पतींच्या पेशींत असणारी कितीतरी जनुकं त्यांच्यात होती. आपल्या पेशीचे सर्वांत जवळचे नातलग या कुळात आहेत. जपानच्या हिरोयुकी इमाची यांच्या गटाने २००६ मध्ये आणलेल्या गाळातून यातला एक जीव वाढवायला बारा वर्षं घेतली. तो दुप्पट व्हायलाच १४ ते २५ दिवस घेतो. अशा चिकाटीला माझा नमस्कार.

मुलीला यात काम करायचंय. कुठे पाठवू?

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पदवी करू द्या. मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि तिचं प्रादेशिक केंद्र आपल्या अंधेरीतच आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेमुळे पुढच्या काळात कामही वाढेल. आणि तिला पोहायला शिकवा.

घरी काही पाहता येईल का?

येईल. एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. हातमोजे घालून खाडीचा काळा चिखल आणा, कारण आपल्या खाड्यांत सांडपाणी असतं. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक आणि जिप्समच्या खडूचा चुरा मिसळा. वर चार बोटं खाडीचंच पाणी. झाकण सैल ठेवा, नाहीतर आत साठलेला वायू ते उडवेल. बाटली खिडकीत ठेवा, पण थेट कडक उन्हात नको. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८० च्या दशकात काढलेली ही युक्ती आहे.

पहिल्या आठवड्यात नुसता काळा रंग चढेल. महिन्या-दीड महिन्यात काचेलगत हिरवे डाग, मग जांभळट पट्टे. ते सल्फाइडवर आणि उजेडावर जगणारे जिवाणू. माझी बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत तिसऱ्या वर्षात आहे. तळाशी, जिथे उजेड पोचत नाही, तो थर अजून काळाच आहे. अधूनमधून त्यातून एक बुडबुडा सुटतो, काचेला घासत वर येतो आणि फुटतो.